मुद्रा आणि स्मृती : जॉन स्लोनच्या अम्लरेखनातील रॉबर्ट हेन्राय

१

मराठीत ‘मुद्रा’ हा शब्द निरनिराळ्या व्यवहारांत वावरतो. माणसाचा चेहरा व त्यावरील भाव यांना मुखमुद्रा म्हणतात. राजाच्या शिक्क्याला राजमुद्रा म्हणतात. अभंगाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावाला नाममुद्रा म्हणतात. आणि कागदावर ठसा उमटविण्याच्या कृतीस मुद्रण म्हणतात. चेहरा, नाव आणि ठसा या तीन वस्तू एका शब्दाच्या छायेत नांदतात. ‘ठसा’ आणि ‘छाप’ या देशी शब्दांचीही हीच गत आहे. एखाद्या थोर माणसाची ‘छाप पडते’, त्याच्या शिकवणीचा मनावर ‘ठसा उमटतो’, असे मराठी माणूस सहज म्हणतो आणि आपण छापखान्यातील शब्द वापरीत आहोत याची त्याला जाणीवही नसते. शब्दांच्या इतिहासातून समाजाच्या इतिहासाकडे जाण्याची जी वाट राजवाड्यांनी दाखविली, तिच्या दृष्टीने ही घटना क्षुल्लक नव्हे. भाषेने येथे एक अनुभव नोंदवून ठेवला आहे : माणूस ओळखणे म्हणजे त्याचा ठसा आपल्यावर उमटणे.

कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेले व्यक्तिचित्र हे या दृष्टीने ‘मुद्रा’ या शब्दाच्या साऱ्या अर्थांचे मीलनस्थान ठरते. त्यात मुखमुद्रा असते, मुद्रण असते आणि बहुधा नाममुद्राही असते. अमेरिकन चित्रकार जॉन स्लोन (१८७१–१९५१) याने आपला ज्येष्ठ मित्र व मार्गदर्शक रॉबर्ट हेन्राय (१८६५–१९२९) याचे १९३१ साली केलेले अम्लरेखन हे अशा चित्राचे विचार करण्याजोगे उदाहरण आहे. स्लोनची ख्याती नगरजीवनाचा वास्तववादी चित्रकार म्हणून आहे. न्यूयॉर्कच्या गल्ल्या, गच्च्या, दुकानांच्या काचा, उकाड्याच्या रात्री छपरावर निजलेली कुटुंबे हा त्याचा विषय. अशा कलावंताने मित्राचे चित्र काढावयाचे तर समोर बसवून काढावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हे चित्र हेन्रायच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी झाले. डोळ्यांसमोर नसलेल्या माणसाच्या चित्राला वास्तववादी म्हणावयाचे की नाही, आणि गुरुस्थानी असलेल्या माणसाचे चित्र स्तुतिपर न होता खरे कसे होऊ शकते, हे दोन प्रश्न या चित्रामुळे उभे राहतात. प्रस्तुत विवेचन या दोन प्रश्नांपुरते आहे.

२

प्रथम तंत्राचा विचार केला पाहिजे; कारण अम्लरेखनात तंत्र हे आशयाच्या बाहेरचे नसते. तांब्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर मेण, राळ इत्यादींचा पातळ लेप देतात. चित्रकार सुईने त्या लेपावर रेषा काढतो. सुई तांबे कापीत नाही. ती फक्त लेप दूर करून तांबे उघडे करते. मग पत्रा आम्लात ठेवतात, आणि जेथे तांबे उघडे आहे तेथे आम्ल ते खाते. रेषा जितका वेळ आम्लात राहील तितकी खोल होते, आणि जितकी खोल तितकी छपाईत काळी दिसते. ज्या रेषा फिकट राहाव्यात असे वाटते त्या मध्येच रोगणाने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडतात. शेवटी लेप काढून पत्र्यावर शाई चोळतात, वरची शाई पुसून घेतात, खाचांतील शाई तशीच ठेवतात, आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. कागद खाचांतील शाई उचलून घेतो.

या क्रियेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, रेषेचा काळेपणा हा हाताच्या जोरावर अवलंबून नसून काळावर अवलंबून असतो. कुंचल्याचा फटकारा त्या क्षणाचा असतो. अम्लरेषा ही थांबून, वाट पाहून मिळते. दुसरी अशी की, छापलेले चित्र पत्र्यावरील चित्राच्या उलट असते. पत्र्यावर जे डावे ते कागदावर उजवे. समोर बसलेल्या माणसाला पाहून जसेच्या तसे तांब्यावर रेखाटले, तर छाप आरशातल्या प्रतिबिंबासारखी येते. म्हणजे तो माणूस स्वतःला जसा दिसतो तसा कागदावर उतरतो, मित्रांना दिसतो तसा नव्हे. मित्रांना दिसणारा चेहरा छापीत यावयाचा असेल तर चित्रकाराने तो मनात उलटवून तांब्यावर रेखाटला पाहिजे. तात्पर्य, या माध्यमात डोळ्यांनी पाहिलेले आणि कागदावर उमटलेले यांच्यामध्ये मनाची एक पायरी अपरिहार्यपणे येते.

ताम्रपट व शिलालेख यांच्याशी परिचय असलेल्या वाचकास येथील भेद चटकन जाणवेल. ताम्रपटावरील अक्षर हे पत्र्यावरच वाचावयाचे असते. ते एकमेव असते आणि जपून ठेवण्यासाठी असते. अम्लरेखनाचा पत्रा वाचावयाचा नसतो. तो अनेक कागदांना जन्म देण्यासाठी असतो. दोन्हींत तांबे आणि कोरीव रेषा असल्या तरी एकाचा हेतू पुरावा राखणे हा आहे, दुसऱ्याचा हेतू प्रसार हा आहे.

३

स्लोन हा अम्लरेखनात बहुतांशी स्वयंशिक्षित होता. फिलाडेल्फियातील एका पुस्तकांच्या दुकानात नोकरी करीत असताना त्याने ड्यूरर व रेम्ब्रांट यांच्या मुद्राचित्रांच्या लेखणीने नकला केल्या, आणि फिलिप गिल्बर्ट हॅमर्टन याच्या हस्तपुस्तिकेवरून तंत्र आत्मसात केले. १८९२ पासून तो फिलाडेल्फियातील वृत्तपत्रांसाठी चित्रे काढू लागला. छायाचित्रांची छपाई सार्वत्रिक होण्यापूर्वीचा तो काळ होता. आग, अपघात, मिरवणूक यांच्या जागी जाऊन झटपट टिपणे घेणारे चित्रकार वृत्तपत्रांना लागत. स्लोनचे मित्र विल्यम ग्लॅकन्स, जॉर्ज लक्स व एव्हरेट शिन यांचा हात या कामी तरबेज होता. स्लोन मात्र या धावत्या कामासाठी प्रसिद्ध नव्हता. बसून करावयाची सजावटीची व रेषाप्रधान चित्रे हे त्याचे क्षेत्र होते.

१९०४ साली तो न्यूयॉर्कला आला आणि १९०५–०६ मध्ये त्याने नगरजीवनावरील दहा अम्लरेखनांचा प्रसिद्ध संच केला. साधारणपणे पाच इंच उंच व सात इंच रुंद अशा लहान पत्र्यांवर भाड्याच्या खोल्या, दिवा मालवणारी स्त्री, पैशाला गंमत दाखविणाऱ्या यंत्रांभोवती जमलेल्या मुली, छपरावरची उन्हाळी रात्र असे विषय त्याने घेतले. १९०६ मध्ये अमेरिकन वॉटर कलर सोसायटीच्या प्रदर्शनातून या संचातील चार चित्रे ग्राम्य ठरवून परत करण्यात आली. पुढे १९०८ च्या फेब्रुवारीत मॅकबेथ कलादालनात ज्या आठ चित्रकारांचे गाजलेले प्रदर्शन भरले त्यांत हेन्राय आणि स्लोन हे दोघेही होते, आणि त्या गटातील नगरचित्रकारांना कालांतराने राखेच्या डब्यावरून पडलेले नाव चिकटले.

या चित्रांविषयी एक गैरसमज रूढ आहे. ती रस्त्यावर उभे राहून काढली असावीत असे त्यांच्या जिवंतपणामुळे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. स्लोन रस्त्यात हिंडे, खिडकीतून पाही, पाहिलेले मनात ठेवी आणि मग घरी येऊन ते चितारी. १९०६ ते १९१३ या काळातील त्याच्या रोजनिशीत अशा भटकंतीच्या नोंदी विपुल आहेत. म्हणजे ज्याला नगरवास्तववाद म्हणतात तो त्याच्या बाबतीत स्मृतीचा वास्तववाद होता. स्मृतीने आधी वेचणी केली, मग सुईने.

वास्तव आणि समोर असणे यांची गल्लत केवळ चित्रकलेतच होते असे नाही. चाळीसगावचे कलावंत केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरण खानदेशच्या वाचकास जवळचे आहे. छायाचित्र म्हणजे जे समोर आहे ते, अशी सर्वसाधारण समजूत. परंतु मूस यांनी टेबलावर साध्या वस्तूंची मांडणी करून अशी छायाचित्रे घेतली की, पाहणारास ती दूरदेशीची खरी दृश्ये वाटावीत. घराबाहेर क्वचितच पाऊल टाकणाऱ्या या कलावंताने आपल्या निवासाला रेम्ब्रांटचे नाव दिले होते हेही सूचक आहे; कारण चेहऱ्यावरील प्रकाश हा खोलीत जितका घडतो तितकाच मनात घडतो, हे रेम्ब्रांटच्या मुद्राचित्रांनी सर्वांआधी शिकविले. कॅमेऱ्यासारखे यंत्रही जेथे ‘समोर असलेल्या’ वस्तूचे दास नाही, तेथे सुई आणि आम्ल यांच्याकडून तसे दास्य अपेक्षिणे योग्य नव्हे.

४

आता ज्याचे चित्र काढले त्या व्यक्तीकडे वळावयाचे. रॉबर्ट हेन्राय याचे जन्मनाव रॉबर्ट हेन्री कोझॅड. त्याच्या वडिलांनी नेब्रास्कात आपल्या आडनावाचे गाव वसविले होते. १८८२ साली तेथे एका भांडणात त्यांच्या हातून गोळी सुटून एक इसम मरण पावला. वडील पुढे आरोपातून मुक्त झाले; तथापि कुटुंबाने ते गाव सोडले आणि सर्वांनी नवी नावे घेतली. मुलाने आपले मधले नाव फ्रेंच वर्णलेखनाने लिहून आडनाव केले, परंतु उच्चार फ्रेंच न ठेवता अमेरिकन ठेवला. त्या नावाचा उच्चार ‘आँरी’ नव्हे, ‘हेन्री’ही नव्हे, तर ‘हेन्राय’ असा करावा असा त्याचा आग्रह होता. मराठीत हे नाव लिहिताना अक्षरांचे अनुकरण न करता त्याच्या उच्चाराचे अनुकरण करणे म्हणूनच युक्त आहे. ही नाममुद्रा त्याने स्वतः घडविली होती आणि तिच्यामागील वृत्तान्त त्याच्या हयातीत जाहीर झाला नाही.

स्लोन आणि हेन्राय यांची भेट १८९२ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात झाली. हेन्राय सहा वर्षांनी मोठा, पॅरिसमध्ये शिकून आलेला, बोलका आणि मनमोकळा. त्याच्या वॉलनट रस्त्यावरील चित्रशाळेत दर मंगळवारी सायंकाळी तरुण चित्रकार जमत. वृत्तपत्रासाठी चित्रे काढणाऱ्या स्लोनला रंगचित्रकार होण्याचा ध्यास या सहवासातून लागला. हा संबंध शाळेतील गुरुशिष्यांचा नव्हता. परंतु शिक्षणाच्या परंपरेने दोघे बांधलेले होते. टॉमस इकिन्सचा शिष्य टॉमस अँशुट्झ. अँशुट्झच्या हाताखाली पेनसिल्व्हेनिया अकादमीत आधी हेन्राय शिकला आणि नंतर स्लोन. हेन्रायने पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बेलोज, एडवर्ड हॉपर, रॉकवेल केंट अशी मोठी शिष्यपरंपरा निर्माण केली, आणि त्याच्या शिकवणीचे संकलन १९२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

हेन्रायच्या शिकवणीचे मर्म दोन गोष्टींत होते. एक, विषय स्वतःच्या जीवनातून घ्यावा. दुसरी, चित्र पहिल्या अनुभवाचा आवेग ओसरण्यापूर्वी भरदार कुंचल्याने पुरे करावे. १९०४ साली त्याने स्लोनचे तैलचित्र काढले, त्यात ही रीत स्पष्ट दिसते. गडद पार्श्वभूमीतून चेहरा उजळून पुढे येतो. तपशील थोडा, फटकारा मोकळा. मित्राने मित्राचे काढलेले ते चित्र हे एका बैठकीचे, एका उपस्थितीचे चित्र आहे. स्लोनने हेन्रायचे जे चित्रण केले ते याहून सर्वस्वी निराळ्या जातीचे आहे. ते एका बैठकीत झाले नाही. ते पंचवीस वर्षांत तीन पत्र्यांवर झाले.

५

पहिला पत्रा १९०६ चा. १९०५ च्या डिसेंबरात हेन्रायची पत्नी लिंडा हिचे निधन झाले. त्यानंतर लवकरच स्लोनने ‘स्मृती’ या नावाचे अम्लरेखन केले. अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवतीच्या उजेडात चौघे जण आहेत : हेन्राय, लिंडा, स्लोन आणि त्याची पत्नी डॉली. लिंडा वाचीत आहे आणि इतर ऐकत आहेत. दोन कुटुंबांनी एकत्र घालविलेल्या अनेक सायंकाळींपैकी ही एक. वाचणारी स्त्री आता हयात नाही हे ज्ञान चित्राच्या बाहेर आहे. आत शोकाची एकही खूण नाही. मृत व्यक्तीला मृत म्हणून न दाखविता तिला तिच्या नेहमीच्या कामात दाखविले आहे. त्यामुळे हेन्रायकडे पाहताना पाहणाराला दोन काळ एकदम जाणवतात : ऐकत बसलेला पती आणि आता ऐकावयास काही न उरलेला पती. चित्राने पहिला दाखवावा आणि दुसरा पाहणाराने स्वतः ओळखावा, हा संयम विशेष आहे. या चित्रात स्लोनने स्वतःलाही बसविले आहे, ही गोष्टही दुर्लक्षणीय नाही. साक्षीदार चित्राच्या बाहेर उभा राहिलेला नाही. त्याने आपली जागा टेबलाशीच घेतली आहे.

दुसरा पत्रा १९१२ चा. अँशुट्झ याने न्यूयॉर्कमध्ये हेन्रायच्या विद्यार्थ्यांपुढे शरीररचनेवर दिलेले व्याख्यान हा त्याचा विषय. हाडांच्या सापळ्यावर मातीचे स्नायू चढवून मानवी देहाची घडण समजावून देणे ही अँशुट्झची पद्धती होती. समोर श्रोते दाटले आहेत आणि त्यांत हेन्रायही आहे. प्रसंग काही वर्षांपूर्वीचा. पत्रा झाला तो अँशुट्झच्या निधनाच्या वर्षी. येथे हेन्राय मध्यवर्ती नाही. ज्याच्याभोवती दुसरे बसतात तो गुरू येथे स्वतः विद्यार्थी होऊन बसलेला आहे. गुरूचे चित्र काढताना त्याला त्याच्या गुरूसमोर बसविणे यात विनोदाची हलकी झाक आहे. परंतु विचारही आहे. विद्या ही कोणा एकाची मिरास नसून ती हस्तांतरित होत असते, आणि तिच्या वाटेवर प्रत्येक जण कधीतरी ऐकणारा असतो, हा तो विचार होय. १९०६ च्या पत्र्यावरही हेन्राय ऐकणाराच होता. बोलण्यासाठी आणि शिकविण्यासाठी ख्यातकीर्त असलेला हा पुरुष स्लोनच्या तांब्यावर दोन्ही वेळा ऐकताना उमटावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

तिसरा पत्रा १९३१ चा. ‘रॉबर्ट हेन्राय, चित्रकार’ या नावाचा. हेन्राय १९२९ च्या जुलैत निवर्तला होता. १९३१ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन भरले आणि त्याच्या सूचीची प्रस्तावना स्लोननेच लिहिली. त्याच वर्षीचा हा पत्रा, सुमारे चौदा इंच उंच व अकरा इंच रुंद. म्हणजे नगरजीवनाच्या संचातील लहान पत्र्यांच्या मानाने क्षेत्रफळाने चौपटीहून मोठा. येथे टेबल नाही, वाचणारी स्त्री नाही, श्रोत्यांची दाटी नाही, रस्ता नाही. एकटा हेन्राय आहे. ज्या कलावंताने माणसाला नेहमी त्याच्या परिसरात पाहिले, त्याने येथे परिसर काढून टाकला आणि फक्त माणूस ठेवला.

६

या तिसऱ्या पत्र्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे चित्र वास्तववादी राहिलेले नाही. परिसरातून उचललेला आणि स्मृतीतून घडविलेला माणूस हा आदर्शच होतो. दुसरा असा की, स्मृतिप्रदर्शनाच्या वर्षी झालेले मोठ्या आकाराचे हे चित्र म्हणजे गुरुस्तोत्र आहे. त्यात श्रद्धा आहे, परीक्षा नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर पूर्वीच्या विवेचनात आलेले आहे. स्लोनचा वास्तववाद आरंभापासून स्मृतीवर उभा होता. छपरावर निजलेली माणसे त्याने जशी मनात धरून आणली, तसाच त्याने सदतीस वर्षांच्या ओळखीचा हेन्राय मनात धरून आणला. भेद प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. शिवाय एका बैठकीत दिसणारा चेहरा हा माणसाचा अधिक खरा चेहरा असतो, हे गृहीतही तपासून घेण्याजोगे आहे. दीर्घ सहवासानंतर मित्राचा चेहरा आठवताना कोणता एक दिवस आठवत नाही. अनेक दिवसांचा मिळून एक चेहरा आठवतो. भाषेत हे नित्य घडते. शब्दाचा अर्थ हा त्याच्या कोणत्याही एका उपयोगात पूर्णपणे सापडत नाही. अनेक उपयोगांनी मिळून तो मनात स्थिरावतो, आणि तरीही तो काल्पनिक नसतो. मित्राच्या चेहऱ्याचे सत्य याच प्रकारचे आहे. अम्लरेषा ही काळाने गडद होणारी रेषा असल्यामुळे अशा सत्याला तिचे माध्यम विशेष मानवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याकडील परंपरेच्या संदर्भात विशेष बोचणारा आहे. मराठीत गुरूविषयी लिहिताना चरित्राचे स्तोत्र होण्यास वेळ लागत नाही. गुरूच्या स्मरणाची एक थोर रीत खानदेशातच पाहावयास सापडते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू व यादव नृपती सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील राजांनी त्यास दाने दिली, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष या शेवटच्या भागाकडे अधिक जाते. परंतु येथे लेखाचा हेतू महत्त्वाचा आहे. आचार्यांचा चेहरा कसा होता हे सांगण्याची गरज चांगदेवाला भासली नाही. कुलपरंपरा नोंदवावी आणि ग्रंथ शिकविले जावेत एवढी तजवीज करावी, हेच त्याला स्मारक वाटले. गुरूने जे सांगितले ते पुढे शिकवीत राहणे ही स्मरणाची रीत अखंडतेची आहे. तिचे मोल निर्विवाद आहे. तथापि तिच्यात एक धोका आहे. गुरूचे बोल जतन करताना शिष्याचा स्वतःचा आवाज हरपण्याचा तो धोका होय.

स्लोनच्या पत्र्यावर हा धोका टळला आहे काय? टळला आहे, आणि तो चेहऱ्यावरील भावामुळे नव्हे तर रेषेमुळे टळला आहे. येथेच या चित्राचे खरे रहस्य आहे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्लोनच्या कलेने मोठे वळण घेतले होते. हेन्रायने शिकविलेला भरदार, वेगवान फटकारा त्याने सोडला. आकाराची घडण रेषांच्या जाळीने करावयाची, रंगचित्रातही आधी घडण पुरी करून तीवर पारदर्शक रंग आणि नंतर रेषा चढवावयाच्या, अशी पद्धती त्याने स्वीकारली. त्याच्या अनेक चाहत्यांना हे वळण रुचले नाही. नगरजीवनाचा जुना स्लोन त्यांना हवा होता. १९३१ नंतरच्या मुद्राचित्रांत ही जाळीदार घडण सर्वत्र दिसते, आणि हेन्रायचे व्यक्तिचित्र या नव्या रीतीच्या आरंभकाळीच येते.

म्हणजे असे की, वेगाचा उपदेश करणाऱ्या गुरूचे चित्र शिष्याने सर्वांत संथ माध्यमात, संथपणे, रेषेवर रेष टाकून केले. फटकाऱ्याने जग पाहणाऱ्या माणसाचा चेहरा त्याने फटकाऱ्याविना घडविला. हेन्रायने १९०४ साली स्लोनला ज्या रीतीने रंगविले तिच्या नेमक्या उलट रीतीने स्लोनने हेन्रायला उत्तर दिले. गुरूची पहिली आज्ञा, म्हणजे स्वतःच्या जीवनातून विषय घे, ही त्याने पाळली. कारण हेन्राय हाच त्याच्या जीवनाचा एक मोठा भाग होता. दुसरी आज्ञा त्याने मोडली. आणि ती मोडली म्हणूनच पहिली खऱ्या अर्थाने पाळली गेली. स्तोत्र लिहिणारा शिष्य गुरूची भाषा वापरतो. स्लोनने गुरूविषयी स्वतःच्या भाषेत सांगितले.

यावरून १९३१ चे चित्र निर्दोष आहे असा निष्कर्ष काढावयाचा नाही. १९०६ च्या ‘स्मृती’त जी अनपेक्षित जवळीक आहे ती त्यात नाही. परिसर वगळल्याने भारदस्तपणा आला, परंतु ऐकण्यात गढून गेलेला माणूस मात्र दुरावला. हेन्रायशी अपरिचित असलेल्या पाहणाराला लहान पत्र्यावरील हेन्राय आधी आपलासा वाटेल आणि मोठ्या पत्र्यावरील हेन्रायविषयी प्रथम आदरच वाटेल. तुलनेने पाहता, माणूस म्हणून हेन्राय १९०६ च्या पत्र्यावर अधिक सापडतो आणि मुद्रा म्हणून १९३१ च्या पत्र्यावर. म्हणून शेवटचे चित्र सुटे न पाहता आधीच्या दोन पत्र्यांच्या सोबत पाहणे न्याय्य ठरते. ऐकणारा पती, ऐकणारा शिष्य आणि अखेरीस नुसता ‘चित्रकार’ हे एकाच दीर्घ व्यक्तिचित्राचे तीन टप्पे आहेत.

७

तिसऱ्या पत्र्याच्या नावाचाही थोडा विचार आवश्यक आहे. ‘रॉबर्ट हेन्राय, चित्रकार’ यात गुरू नाही, मित्र नाही, विशेषण नाही. फक्त नाव आणि व्यवसाय आहे. ज्याने आपले नाव स्वतः घडविले त्याला त्या नावाने, आणि ज्याने आयुष्यभर शिकविले त्याला शिक्षक न म्हणता त्याच्या मूळ कामाने ओळखणे, ही या नावातील सभ्यता आहे. हेन्रायची कीर्ती उत्तरायुष्यात शिक्षक म्हणून अधिक पसरली होती आणि मृत्यूनंतर ती तशीच टिकली. स्लोनने तांब्याच्या साक्षीने नोंद करून ठेवली की, शिकविण्याआधी हा माणूस चित्र काढीत होता.

मुद्रणाच्या माध्यमाची अर्थपूर्णताही येथे लक्षात येते. तैलचित्र एकच असते आणि एकाच भिंतीवर राहते. पत्र्यावरून अनेक प्रती निघू शकतात. स्लोन आपल्या पत्र्यांच्या शंभर शंभर प्रतींची आवृत्ती ठरवीत असे. मागणी इतकी थोडी असे की, त्या सर्व बहुधा छापल्याही जात नसत. तरीही अनेक प्रतींची शक्यता हाच या माध्यमाचा धर्म आहे. ज्या शिक्षकाचा ठसा अनेक विद्यार्थ्यांवर उमटला, आणि प्रत्येकावर निराळ्या तऱ्हेने उमटला, त्याचे स्मारक अनेक कागदांवर उमटणाऱ्या चित्राने व्हावे, हे औचित्यपूर्ण आहे. एका पत्र्याच्या दोन प्रती कधीही तंतोतंत सारख्या नसतात. शाई किती ठेवली, किती पुसली यावर प्रत्येकीचा भाव थोडा बदलतो. बेलोज, हॉपर आणि केंट हे एकाच गुरूचे शिष्य असूनही परस्परांसारखे नाहीत, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

व्यक्तिचित्राची परीक्षा साधर्म्यावर करण्याची सवय आपल्या समीक्षेत, चित्रकलेच्या तशीच साहित्याच्याही, खोलवर रुजलेली आहे. ‘हुबेहूब’ हा शब्द प्रशंसेचा अखेरचा शब्द मानला जातो. स्लोनचे उदाहरण या सवयीला मर्यादा घालते. हुबेहूबपणा हा पाहण्याचा गुण आहे. ठसा हा संबंधाचा गुण आहे. पत्र्याच्या खाचेत शाई उतरते ती आम्लाने तांबे खाल्ले असेल तरच. माणसाची मुद्रा दुसऱ्याच्या मनावर उमटते तीही त्या मनाचा काही भाग झिजवूनच. हेन्रायच्या सहवासाने स्लोनमधील वृत्तपत्राचा नोकर झिजला आणि चित्रकार उरला. पुढे त्या चित्रकाराने गुरूची रीतही आम्लात टाकली आणि स्वतःची रेषा मिळविली. गुरूचे ऋण फेडण्याचे हे एकमेव साधन नव्हे. पाटण्याच्या शिलालेखाने दाखविलेली वाटही आदरणीय आहे. परंतु कलेच्या आणि संशोधनाच्या क्षेत्रात जेथे जेथे शिष्य गुरूचे नाव उच्चारतो, तेथे तेथे त्याने गुरूची केवळ छाप वागविली की त्या छापीतून स्वतःचे काही कोरले, हा प्रश्न विचारावाच लागतो. १९३१ च्या त्या पत्र्यावरील प्रत्येक आडवी-उभी रेषा या प्रश्नाचे उत्तर आहे.